दाजीला दाखवायला केलेली गाडीची पूजा

आधीच सांगतो, हसायचं न्हाई! कोण हसलं तर चहा टाकून उठून जाईन. अजून आठवलं की डोस्कं फिरतं माझं.

मी आन् आमची मंडळी गेलतो पोराकडं, सिंगापूरला. संदीपचा फ्लॅट यिशुनला. झ्याक हाय सगळं. पण दारात गाडी न्हाई! तिथं सायेब बी एमआरटीनं, म्हंजे तिथल्या मेट्रोनं जातोय आन् शिपाई बी.

आता हे आमच्या दाजीला कोण सांगणार? दाजी म्हंजे माझ्या बहिणीचा मालक. त्याच्या पोरानं जीप घेतल्यापास्नं दर फोनला एकच रडगाणं, "काय पाव्हणं, पोरगं परदेशात आन् दारात सायकल बी न्हाई?"

अंगाचा तिळपापड व्हायचा! एकदा तरी ह्याचं तोंड बंद करायचं, एवढंच मनात घिऊन बसलो हुतो.

तर एका शनवारी संदीप सकाळीच भाईर पडला. जाताना म्हणला, "आबा, दुपारी सगळे तळ्यावरच्या पार्कात या. रात्री तिथंच राहायचंय. गंमत आहे एक."

घटकाभरानं सूनबाईच्या फोनवर फोटो आला. ही एवढी थोरली पांढरी गाडी! म्होरं आमचा संदीप हुभा, हातात किल्ली, दात काढून.

सूनबाई म्हणली, "आबा, आत पलंग, गॅस, संडास, सगळं आहे. चालतं-फिरतं घरच!"

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडं किल्ली हातात धरून गाडीम्होरं फोटो कवा काढत्यात? गाडी घेतल्यावरच का न्हाई? मंग मला काय वाटणार?

आनंद झाला व्हय? छट्! डोस्क्यात तिडीक गेली. बापाला न इचारता गाडी घेतो? ना नारळ, ना हळद-कुंकू, आन् त्यात बापाला झोपवतो? मुकाट्यानं पिशवीत पूजेचं सामान भरलं.

मंडळी म्हणली, "अवो, सूनबाईला इचारा की काय हाय ते."

"काय इचारायचं? डोळं न्हाईत का मला?"

राग आला की मी इचारत न्हाई. हितंच माती खाल्ली.

तळ्यावर पोचलो. सूनबाई नातीला घिऊन मागनं येत हुती. मी तरातरा म्होरं. झाडाखाली पांढरी गाडी हुभी. मंडळीला म्हणलं, "लाव फोन दाजीला! तोंड दिसंल असा लाव!"

दाजी दिसला. म्हणलं, "बघा दाजी! तुमच्या पोराची जीप बी ह्यात मावंल!"

दाजीचं तोंड जे उघडं पडलं! मागं बहीण, शेजारपाजार, सगळी जमली. मला आणिक चेव आला. हळदीनं स्वस्तिक काढलं, कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठिवलं आन् नारळ घिऊन बंपरवर असा हाणला... हाण्ण!

नारळ सटकला आन् हेडलाइटवर बसला. काच खळ्ळकन खाली. नारळ जसाच्या तसा!

तेवढ्यात गाडीचं दार उघडलं आन् आतनं एक चिनी म्हातारा, बनेल आन् अर्धी चड्डी, डोळं चोळत भाईर.

माझं तर टाळकंच सरकलं. ड्रायव्हर बी ठिवला? आन् तो बी आमच्या पलंगावर झोपतोय?

"ए! मालकाच्या आधी आत झोपतो व्हय रं?" म्हणलं आन् तसाच वराडत त्याच्या कपाळाला बी कुंकू लावलं. पूजेत भेदभाव नगं.

मागनं नात तिथल्या इंग्रजीत वराडत पळत आली. "आबा, stop lah! Not our van lah!"

"आजोबावर वराडती व्हय? गप!"

आन् तवाच मागं पों पों झालं. बघतोय तर दुसरी पांढरी गाडी, हुबेहूब तशीच, आन् आत संदीप!

फोनमधनं दाजी म्हणला, "आगागा! पाव्हणं, दोन-दोन घेतल्या?"

संदीप उडी मारून खाली. "आबा! काय केलंत हे? ही या अंकलची गाडी आहे!"

"आन् ती?"

"ती एका रात्रीपुरती भाड्यानं आणलीय! तुम्हाला तळ्याकाठी झोपवायचं म्हणून!"

"मंग किल्ली धरून फोटो कशाला काढलास, गाढवा?"

"हौस म्हणून!"

म्हातारा मातूर भला. शिवी न्हाई, हाणामारी न्हाई. कपाळावरचं कुंकू चाचपत संदीपला कायतरी इचारलं.

"आबा, अंकल विचारतात, हे सगळं कशासाठी करतात?"

खाली मान घातली. म्हणलं, "सांग त्यास्नी. गाडीला अपघात हुऊ नये म्हणून."

संदीपनं सांगितलं. म्हाताऱ्यानं फुटक्या लाइटकडं बघितलं, नारळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मंग सावकाश दोन शब्द बोलला.

"काय म्हणतोय?"

"म्हणतात, गाडी नवी आहे. आजपर्यंत एकच अपघात झालाय. हा आत्ताचा."

फोनमधनं अख्खी आळी खदाखदा हसाय लागली! दाजीचा आवाज सगळ्यात वर. मंडळीच्या हातनं फोन हिसकला, बंद कराय गेलो. बोटं कुंकवानं बरबटलेली, हितं दाब, तितं दाब, तो काय बंद हुईना. उलट कॅमेराच फिरला, आन् गावाला गाडी दिसायची ऱ्हायली, नुसतं माझंच थोबाड दिसाय लागलं!