दुष्काळातली गुळणी

लातूरला पाणी रेल्वेने येत होतं, त्या उन्हाळ्यात मी इंटर्न होते. हाडांच्या शाखेकडे मुली वळत नाहीत म्हणून आमच्या कॉलेजात एक योजना निघाली होती: इच्छुक मुलीला वर्षभर एका सर्जनच्या हाताखाली द्यायचं. मी घरी न सांगता नाव दिलं. मला मिळाल्या त्या मॅडम उदगीरच्या, भांड्यांच्या दुकानदाराची मुलगी. बोलणं खणखणीत. मी नांदेडच्या इंग्रजी शाळेतली, विचारल्याशिवाय न बोलणारी. घरी सगळ्यांनी माझ्यासाठी त्वचारोग ठरवून टाकलं होतं आणि मी नाही म्हटलं नव्हतं.

पहिल्याच राउंडला मॅडम म्हणाल्या, "मिठाची गुळणी धरलीस का गं?"

"नाही मॅडम, तोंडात काही नाही," मी खरंच सांगितलं. सगळा वार्ड हसला. अर्थ मला नंतर नर्सबाईंनी सांगितला.

तेव्हापासून मॅडम रोज विचारायच्या, "गावात प्यायला पाणी न्हाई अन् तू गुळणी धरून बसलीस?" पण प्लास्टर घालताना माझे हात स्वतःच्या हातात धरून शिकवायच्या. "उदगीर जिल्हा झाला की तिथलं हाडांचा वार्ड तूच बघ," असंही म्हणायच्या.

एकदा ऑपरेशनआधी नळ कोरडे पडले. अशा वेळी ज्युनियरने सीनियरच्या हातांवर पाणी घालायचं. मी जग उचलला, तो मॅडमनी काढून घेतला. "आज आधी तू."

कोपरापर्यंत साबण लावून मी हात पुढे केले. शेजारी उभे असलेले रेसिडेंट सर म्हणाले, "मॅडम, हिला स्किनच बरं. हातोडा उचलंल का ही?"

मॅडम जग तिरका धरून थांबल्या, पाणी मात्र सोडेनात. माझ्या हातांवरचा फेस सुकायला लागला. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"उचलेन, सर," मी म्हटलं. आवाज चिरका आला. "मला ऑर्थोच घ्यायचंय."

पाणी बोटांवरून कोपराकडे वाहत गेलं.

"लई दिवसांनी सुटली गुळणी," मॅडम म्हणाल्या.

त्या दिवशी माझ्या वतीने त्या सहज उत्तर देऊ शकल्या असत्या. दिलं नाही, याचे आभार मी त्यांना अजून नीट मानलेले नाहीत. घरी त्याच रविवारी सांगितलं.

उदगीर अजून जिल्हा झालेलं नाही. मी मात्र ऑर्थोच्या दुसऱ्या वर्षाला आहे.