बाजाराचा दिवस टाळून

सुधाकर, वर्ध्याकडचे आपले गाव सोडून मी पुण्याला निघालो तो बुधवार होता, बाजाराचा दिवस. आपले बाबा मिरच्यांचे वाटे मांडून बसले होते, म्हणून माझी ट्रंक उचलून एस.टी. स्टँडवर तू आलास. बाजार वाटेतच लागत होता. मी आत गेलो नाही. सोबत कॉलेजचे दोन मित्र होते. नमस्कार करायचा राहिला, असे मी तुला म्हणालो. तो राहिला नव्हता. मी टाळला होता.

पुढे निर्मलाशी लग्न ठरले तेव्हा कर्वेनगरला सासुरवाडीत मी सांगितले, वडिलांचे मिरचीचे दुकान आहे. ते बाबांच्या कानावर गेले. लग्नात मला बाजूला घेऊन ते एवढेच म्हणाले, "दुकानाले छप्पर नाही, येवढंच सांगाचं राह्यलं तुह्यं." आवाजात राग असता तर बरे झाले असते. त्यानंतर अठ्ठावीस वर्षे गावची तिकिटे मीच काढली आणि मुक्कामात एकदाही बुधवार येऊ दिला नाही. दरम्यान बाबा गेले.

या सुट्टीत निर्मला आणि मी इंग्लंडला गेलो होतो. एक दिवस लडलो नावाच्या जुन्या गावी थांबलो. लाकडी तुळयांची वाकलेली घरे, टोकाला किल्ला आणि त्याच्यासमोरच्या चौकात कित्येक शतके भरत आलेला बाजार. एक वृद्ध गृहस्थ वाडग्यांत सफरचंदे मांडून उभे होते. एका वाडग्याला एक भाव. म्हणजे आपला वाटाच की! आमच्या पिशवीत वाडगा ओतून झाल्यावर त्यांनी वर एक सफरचंद टाकले. बाबा मूठभर मिरच्या अशाच टाकत, गिऱ्हाइकाकडे न पाहता.

निर्मला फोटो काढत म्हणाली, "काय रुबाब आहे हो आजोबांचा! आपल्याकडे नाही बाई असं कोणी."

"होतं," मी म्हणालो. "माझे वडील असेच विकायचे. जमिनीवर बसून, दर बुधवारी. आता सुधाकर बसतो. दुकान कधीच नव्हतं."

तिने मोबाइल पर्समध्ये ठेवला. "ते मला पहिल्याच दिवाळीत कळलं. गावात चार दिवस राहून ज्या दुकानाची पाटीसुद्धा दिसत नाही, ते दुकान असेल कसं? तुम्ही कधी सांगताय, याची वाट बघत होते." मग चालता चालता हळूच म्हणाली, "पण बाबांकडून एक वाटा घ्यायचा होता मला. गिऱ्हाईक म्हणून. तेवढं मात्र तुम्ही होऊ दिलं नाहीत."

 

पुण्याविषयी माझी तक्रार नाही. या शहराने मला नोकरी दिली, माणसे दिली; मी इथला आहे, हे मी निःशंकपणे म्हणू शकतो. तरीही ज्या घरात एक गोष्ट रोज लपवावी लागते, तिथे माणूस जपून वावरतो. त्या दुपारनंतर पुण्यातल्या आमच्या घरातही मी पहिल्यांदाच मोकळा झालो.

गावच्या घरातला मोकळेपणा मात्र मला तुझ्याकडे मागावा लागेल. पुढच्या बाजाराला आम्ही दोघे येत आहोत. मला तुझ्या शेजारी बसू देशील का? नाही म्हणालास तरी समजून घेईन. इतकी वर्षे उन्हात तू एकटा बसलास. पण बसू दिलेस आणि कोणी विचारले, हे कोण, तर तू बोलू नकोस. उत्तर मी देईन.