चिंचेखालची झोळी

दिंद्रुडच्या दगडाबाईचं अर्धं आयुष्य ऊस तोडण्यात गेलं आणि उरलेलं दुसऱ्यांच्या लेकरांना झोके देण्यात. हातातला कोयता सुटला तरी ती टोळीबरोबर जायचीच. आया फडात राबायच्या, ही बाभळीखाली लेकरं सांभाळायची. जुनं लुगडं दुहेरी करून फांदीला अशी गाठ मारायची, की लेकरू कितीही लाथा झाडो, झोळी सरकायची नाही.

तिचा नियम एकच होता. रिकामी झोळी हलवायची नाही, हलवली की लेकराच्या जिवावर बेततं. तिची पहिली लेक फडातच तापानं गेली होती, आणि त्याच सकाळी कुणीतरी पोरीची रिकामी झोळी हलवली होती. दवाखाना लांब होता, मुकादमानं गाडी दिली नव्हती, हे तिला का ठाऊक नव्हतं? पण दोष तिनं झोळीलाच दिला. मुकादमाला देऊन पुढच्या वर्षी जायचं कुणाबरोबर?

यंदा मात्र दिवस फिरल्यासारखे वाटत होते. ती तेलगावजवळ विठ्ठलरावांच्या मळ्यात कामाला लागली होती. विठ्ठलराव म्हणजे तालुक्यातलं बडं प्रस्थ. त्यांनी शब्द दिला, "दगडाबाई, पोराला आन सुनेला यंदा कारखान्यावर धाडू नको. मळ्यात खोली देतो, काम देतो." त्या भरवशावर तिच्या लेकानं, बजरंगनं, मुकादमाला नाही म्हणून सांगितलं. तान्हा नातू सत्यम फडात वाढणार नाही, एवढंच तिला हवं होतं.

दसऱ्याच्या आधी विठ्ठलरावांच्या लेकीचे, सायलीचे, होणारे सासरचे लोक मळा बघायला आले. चिंचेखाली सायलीनं शहरातून आणलेली दोरीची जाळी टांगली होती. शेजारच्याच फांदीला दगडाबाईच्या लुगड्याची झोळी होती, आणि तिच्यात सत्यम निजलेला.

"याला हॅमॉक म्हणतात," सायली होणाऱ्या नणंदेला सांगत होती. "शब्द मूळचा समुद्रापलीकडच्या बेटांवरच्या लोकांचा. ते असल्याच जाळीत निजायचे. गोरे आले, त्यांनी जाळी उचलली, शब्द उचलला आणि जहाजांवर नेला."

"आन ती माणसं?" भुईमूग सोलता सोलता दगडाबाईनं विचारलं.

"खाणीत राबवली, वर रोगराई. बहुतेक मेली."

"लेकरं बी?"

सायलीनं तिला पाहुण्यांच्या चहाची आठवण केली. दगडाबाई चहा आणायला उठली.

तेवढ्यात सत्यम रडला. सून करिष्मा त्याला पाजायला आत घेऊन गेली. नणंदबाईंना लुगड्याची झोळी जाळीपेक्षाही भारी वाटली. एका हातात मोबाईल धरून त्यांनी दुसऱ्या हातानं झोळीला मोठा झोका दिला.

दगडाबाईच्या हातातला ट्रे तिथंच पडला. म्हातारी धावत आली आणि तिनं पाहुणीच्या हातावर फटका मारला. मोबाईल दगडावर आपटला.

"रिकामी हलवू न्हाई बाई! लेकराचा जीव हाय त्यात!"

झोळीत कुणीच नव्हतं. पाहुणे आधी दचकले, मग त्यांची तोंडं वाकडी झाली.

"माझ्या दारात पावण्याच्या पोरीवर हात टाकती?" विठ्ठलराव गरजले.

"चुकलं मालक. नातवाची झोळी हाय ती, रिकामी हलवली म्हून..."

"उचल ती झोळी आन चालती हो. पोराला बी सांग, हिकडं फिरकायचं न्हाई."

दिलेला शब्द परत घ्यायला बड्या माणसाला काय लागतं? तोंड तर त्याचंच.

दिवाळी सरली आणि मुकादमानं बजरंगला खिजवत परत टोळीत घेतलं. ट्रॅक्टर तेलगाववरून निघाला. ट्रॉलीत भांडी, गोणपाट, कोयते, आणि करिष्माच्या मांडीवर सत्यम. मळा आला तेव्हा चिंचेखालची जाळी वाऱ्यानं रिकामीच हलत होती.

"आये, तिकडं कावून बघती?" बजरंगनं विचारलं.

"हलू दी," दगडाबाई म्हणाली. "तिच्यात कुणाचं लेकरू निजत न्हाई."

पुढं फडात बांधायचं लुगडं तिनं छातीशी घट्ट धरलं होतं. नातवाला वाचवायला ती धावली होती, आणि त्या धावण्यानंच त्याला ट्रॉलीत आणून बसवलं होतं. हा दोष मात्र तिला कुठल्याच झोळीवर ढकलता येईना.