फोडशीचा रविवार

सगळे पुणेकर लोणावळ्याहून परत यायला लागले, तेव्हा आम्ही तिकडे निघालो. पावसाचे ढग जमले होते आणि आळीतली मंडळी मला वेड्यात काढत होती. पण सौ.चा विषमज्वर उतरून महिना झाला तरी तिला अन्नावर वासना म्हणून येईना. डॉक्टर मला ओसरीवर घेऊन गेले आणि म्हणाले, "आता औषध नाही माझ्याकडे. त्या जेवल्या तर उठतील. हवा पालटून पाहा." जेवली नाही तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. स्टेशनच्या खिडकीवर बाबूने "परतीचीही देऊ?" म्हटलं, तरी मी जाण्याचीच तेवढी घेतली.

वडगाव, कामशेत, मळवली अशी स्टेशनं येत गेली. भाताच्या खाचरांत माणसं वाकून कामाला लागली होती. सौ. खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसली होती. एरवी एवढ्या वेळात तिने मला दहा सूचना केल्या असत्या.

बंगलीच्या मालकाने आचारी द्यायचं कबूल केलं होतं. तो पेरणीसाठी गावी गेल्याचं आम्ही दारात उभे असताना कळलं. मी साठीला टेकलेला पेन्शनर. स्वयंपाकघर म्हणजे ज्या दारातून ताट बाहेर येतं ती जागा, एवढंच माझं त्या विषयातलं ज्ञान. तरी शेगडी पेटवली. डोळ्यांना धारा लागल्या, भात खाली करपला आणि वर कच्चा राहिला. सौ.ने दोन घास घेतले, "छान झालाय" असं खोटंच म्हणाली आणि ताट सरकवलं. पुढे बटाटे झाले, पुण्याहून आणलेली कडधान्यं झाली, पण दोन घासांचे काही तीन होईनात. मला रागही येई आणि भीतीही वाटे. राग मी शेगडीवर काढत असे.

बाजाराच्या वाटेवर भुशीच्या वरच्या अंगाच्या ठाकरवाडीतली धोंडाबाई करवंदं घेऊन बसायची. एके दिवशी डोंगराच्या उतारावर हिरवी पाती तरारलेली दिसली. ती फोडशी (पावसाच्या सुरुवातीला उगवणारी गवतासारखी रानभाजी) असं कळलं, म्हणून मी तिच्याकडे मागितली.

"आजून न्हाई, आबा," ती म्हणाली. "नवी भाजी देवाला दावल्याबिगर आमी तोडीत न्हाई."

"मग कधी दाखवणार?"

"येत्या आयतवारी."

"अहो, घरात आजारी माणूस आहे. दोन जुड्या तोडल्या तर देव काय रागावणार आहे?"

"देव न्हाई रागवायचा. पर समद्यांनी वाट बघायची आन् येकट्यानं खायाची, बरं दिसतं का ते?" असं म्हणून तिने माझ्या पिशवीत मूठभर करवंदं जास्तीची टाकली.

मी तणतणतच घरी आलो आणि सौ.ला सगळं ऐकवलं. तिने डोळे उघडले. "कशी असते हो ती?" मी वर्णन केलं. "लसूण लागत असेल तिला," ती छताकडे बघत म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने विचारलं, "रविवारला किती अवकाश आहे?" संध्याकाळी म्हणाली, "मुगाची डाळ भिजवून घातली तर?" आजारपण आल्यापासून खाण्याचा विषय तिने आपण होऊन काढला नव्हता. आता रोज निघू लागला. जी भाजी मिळत नव्हती, तिची ती वाट पाहत होती. मग मीही पाहू लागलो.

रविवारी मी वाडीवर चढलो. वाटेत पाय घसरून चिखलात बसकण मारली, तेव्हा धोतराची जी शोभा झाली ती सांगत नाही. झाडाखाली शेंदूर फासलेला दगड होता. वाडीतल्या म्हाताऱ्याने शिजवलेली भाजी पानावर देवापुढे ठेवली, काहीतरी पुटपुटला, आणि मग सगळ्यांच्या हातावर थोडी थोडी आली. माझ्याही हातावर आली. नुसतं मीठ आणि मिरची, पण चव अशी की मी हात चाटला.

धोंडाबाईने भाजीची मोळी बांधून दिली. "मावशींनी खाल्ली का न्हाई ते सांगा मला," ती म्हणाली.

घरी आलो, भाजी धुतली आणि विळी घेऊन बसलो. आतून आवाज आला, "माती नीट गेली का? परत धुवा." धुतली. "मधला दांडा काढलात का?" तो तिला कुठून ठाऊक, कोण जाणे. काढला. लसूण तेलात पडला आणि घरभर वास सुटला. मी वळून पाहिलं, तर सौ. भिंत धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी धावत पाट मांडला. "लसूण जळेल तो, माझ्याकडे काय बघताय?" ती म्हणाली. तिची ही बोलणी ऐकून मला भरून आलं. धुराचं निमित्त होतंच.

भाकरी माझीच होती, म्हणजे नकाशासारखी. तिने एक तुकडा मोडला, मग दुसरा. मी मोजायचं नाही असं ठरवून खाली मान घालून जेवत राहिलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आहे का अजून?"

पातेल्यात थोडी होती. ती मी सगळी तिला वाढली.

त्यानंतर बाजारात जाणं हा माझा शौक झाला. भाजी हातात घेऊन मी वास घेऊ लागलो, कोवळं-जून ओळखू लागलो. धोंडाबाई लांबूनच विचारायची, "जेवल्या का मावशी?" आणि मी ऐटीत मान हलवायचो.

परतीच्या दिवशी खिडकीवर मी दोन तिकिटं मागितली, ती जरा मोठ्यानेच. डब्यात समोरच्या गृहस्थांनी विचारलं, "लोणावळ्यात काय काय पाहिलंत?" आठवून पाहिलं तर धरण नाही, खंडाळ्याचा घाट नाही, लेणीही नाहीत. "एक भाजी पाहिली," मी म्हटलं. ते जरा दूर सरकून बसले.

घरी पोचल्यावर शेजारणी म्हणाल्या, आता तुमची स्वयंपाकातून सुटका झाली. मलाही तसंच वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर वाईट वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सौ. उठली, आपल्या पायांनी स्वयंपाकघरात गेली, शेगडी पेटवली. मग पाट उचलून दारात मांडला आणि त्यावर बसून मला हाक मारली.

"या," ती म्हणाली, "मला भूक लागलीय."