सुपभर कोंडा

अकरा फेब्रुवारी. मी गव्हाचं पीठ चाळत होते. कोंडा शेजारच्या गाईच्या घमेल्यात टाकणार, एवढ्यात काटोलच्या बसने आलेला गडी दारात उभा राहिला. आत्याबाई काल गेल्या, कालच सगळं उरकलं, म्हणाला. मी त्याला पाणी दिलं आणि पुन्हा चाळणी घेतली. कोंडा मात्र घमेल्यात टाकला नाही. सुपात तसाच ठेवला.

सीताबाई या माझ्या नवऱ्याच्या आत्या. काटोलला त्यांची संत्र्याची बाग होती. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. माझी संध्या जन्मली ती दुभंगलेली टाळू आणि हृदयाला छिद्र घेऊन. दूध पाजलं की नाकातून बाहेर. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी तिच्या नाकातून पोटात जाणारी बारीक नळी बसवली आणि दर दोन तासांनी तिच्यातून दूध द्यायला शिकवलं. आत्याबाई आठ दिवसांसाठी म्हणून नागपूरला आल्या आणि दीड वर्ष राहिल्या.

रोज सकाळी पाळण्याशी जाऊन त्या मोठ्याने विचारत, "हायेस का वं अजून? का जायचा इचार हाय?"

शेजारणी कानांवर हात ठेवत. मला बरं वाटे. बाकी सगळे मुलीकडे पाहून कुजबुजत. तिला तोंडावर विचारणाऱ्या या एकट्याच.

संत्र्याच्या रोपांवर कलमाचे डोळे बांधून बांधून त्यांची बोटं तयार झालेली. नळीतून दूध देताना माझ्याकडून थेंब सांडे, त्यांच्याकडून नाही. मुलगी निळी पडू लागली की गुडघे छातीशी दाबून धरायचे, हे डॉक्टरांनी मला दोनदा समजावलं होतं. आत्याबाईंनी एकदाच पाहिलं. गुडघे दाबून त्या तिलाच रागवत, "जांभळं खाऊन राहिली का वं चोरून? ओठ पाह्य कसे झाले!" ओठ पुन्हा लाल होईपर्यंत बोलणं थांबत नसे. मग पदराने स्वतःचा घाम पुसून म्हणत, "चहा टाक वं सुमन."

तिसऱ्या महिन्यात त्यांनी सूप भरून कोंडा आणला आणि म्हणाल्या, "पोरगी मले इकून टाक."

जगत नाही असं वाटणारं मूल दुसरीला विकायचं, म्हणजे त्याच्या आईच्या नशिबातला घाला चुकतो, अशी आमच्याकडची रीत. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण दूध उतू चाललं होतं, नळ्या उकळायच्या होत्या, वाद घालायला सवड नव्हती. मी पदर पसरला, त्यांनी कोंडा ओतला, मुलगी उचलली.

"आता तू हिची माय नाहीस. कोणी पुसलं तर सांगजो, सीताबाईची कोंडी हाय, कोंड्यावर घेतलेली."

"बरं," म्हटलं, आणि कोंडा गाईला घालून कामाला लागले.

दीड वर्षाची झाल्यावर टाळूची शस्त्रक्रिया ठरली. भूल दिल्यावर हृदय किती साथ देईल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर स्पष्ट बोलले होते. दाखल करताना फॉर्म यांनी भरला. हे टपाल खात्यात कारकून. यांचा फॉर्म कधी चुकत नसे. आईच्या नावापुढे यांनी लिहिलं, सीताबाई.

"अहो, हे काय?"

"विकली ना आपण? मग उगीच आज कशाला खोटं लिहू?"

माणूस गंभीर होता. मला हसू आलं नाही, रागही आला नाही. काय यायला हवं होतं तेच कळेना. हे रक्त द्यायला खाली गेले आणि नर्स कागद घेऊन आली.

"संध्याची आई कोण? इथे सही करा."

बाकावर आम्ही दोघी. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी उठायला हवं होतं. त्यांनी वाट पाहिली, चांगली वाट पाहिली. मी चपलेच्या अंगठ्याकडे पाहत बसून राहिले.

"मी हाय," म्हणत त्या उठल्या. नर्सने त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, फॉर्मवरचं नाव पाहिलं आणि शाईची डबी पुढे केली. त्यांनी अंगठा उमटवला.

मुलगी वाचली. पण मी का उठले नाही, हे मला आजवर समजलेलं नाही. रीत पाळली म्हणावं, तर विश्वास नव्हता. मग काही वाईट झालं तर कागदावर अंगठा दुसरीचा असावा, एवढंच होतं का? आत्याबाईंनी कधी विचारलं नाही. मी कोंडा परत देऊन मुलगी सोडवून घेते म्हटलं, की त्या म्हणत, "घाई काहून करून राहिली? लग्नाच्या येळी घेजो." मीही मग फारसा आग्रह धरला नाही.

संध्या आता तेरा वर्षांची आहे. बोलणं थोडं नाकातून येतं, जिना चढताना दमते. मला आई म्हणते, आत्याबाईंना माय म्हणायची.

निरोप आला त्या दिवशी जेवताना हे म्हणाले, "आपल्याला तीन दिवसांचं सुतक."

"आणि मला?" संध्याने विचारलं. "माय गेली की दहा दिवसांचं असतं ना?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. "जेव मुकाट्याने," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडा फडक्यात बांधला, संध्याला घेतलं आणि पहिली बस पकडली. काटोलच्या अंगणात बाया बसल्या होत्या. त्यातल्या एका म्हातारीने संध्याकडे बोट केलं. "हे कोणाची पोरगी वं?"

"सीताबाईंची," मी म्हटलं. मग गोठ्यात जाऊन कोंडा त्यांच्या गाईपुढे ओतला.