भावनाने दोन दिवस धरून ठेवलेलं रडू

आमची भावना कुळगावची. उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात मशीनवर बसायची, बारा वर्षं. लांबचं दिसायचं नाही म्हणून लेझर केलं. झालं काय, लांबचं झकास, पण जवळचं पार धूसर. प्लस नंबर उरला म्हणाले. सुईत धागा जाईना. निळ्या कापडावर निळा धागा, ती नुसती चाचपायची.

शेठ म्हणाला, "भावना, तेरे को धागा कटिंग पे बिठाता हूं."

"शेठ, मी कारागीर आहे. महिनाभर थांबा."

मुंबईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, परत लेझर नको, बुबुळावरचा पडदा आधीच पातळ झालाय. कोणी मेल्यावर डोळे दान केलेत, त्यांच्या पडद्याची कांद्याच्या पापुद्र्यासारखी चकती कापायची आणि तुझ्या पडद्यात सरकवायची. मधे जरा फुगवटा आला की जवळचं दिसेल. "पण पद्धत नवीन आहे, खात्री देत नाही. आणि डोळा चोळायचा नाही हां. चकती हलली तर सगळं फुकट."

सोमवारी उजव्या डोळ्यात बसवली. बुधवारी सकाळी तिची आई, जनाबाई, चहा गाळता गाळता खाली बसली ती उठलीच नाही.

घर माणसांनी भरलं. भावना दाराला टेकून उभी, डोळ्यात एक टिपूस नाही. तिच्या मनाने घेतलेलं, रडलो तर पाण्याबरोबर चकती वाहून जाणार. मग मशीन पण गेली. दात आवळून ती आईच्या पायांकडे बघत राहिली, तोंडाकडे बघायची हिंमत नाही.

बाया कुजबुजल्या, "बघा, सख्खी पोरगी ना ही?"

काशीमावशीला राहवेना. भावनाला कवळ्यात घेतलं. "रड गं बाय, मोकळी हो!" आणि पदर घेऊन डोळे पुसायलाच लागली.

"हात नको लावू!" भावना किंचाळली.

मावशीचं तोंड उतरलं. पण पदर लागायचा तो लागलाच होता. डोळा खुपायला लागला. माती देऊन आल्यावर पण खुपतच होता.

शुक्रवारी तपासणी. रुसलेली मावशीच सोबत गेली, दुसरं होतं कोण. डॉक्टरीणबाई मशीनमधून बघताहेत, बघताहेत. भावनाने खुर्चीचा दांडा धरलेला.

"आहे. जागेवर आहे."

बारीक अक्षरांचा कागद दिला. भावनाने एक ओळ वाचली, दुसरी वाचली. तिसरी अडकली. "महिन्याभरात सुधारेल अजून," बाई म्हणाल्या. "चेहरा का असा?"

"बुधवारी आई गेली. रडले नाय मी. चकती वाहून गेली असती ना."

"अगं वेडे, ती पडद्याच्या आत आहे. रडण्याने काही होत नाही. चोळायचं नाही फक्त."

मावशी खाडकन उठली. स्टूल ओढून भावनाच्या समोर बसली. भावनाचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेतले, मनगटाला गच्च धरले.

"आता रड," म्हणाली.

भावना अशी रडली की बाहेरचे पेशंट डोकावले. नाक वाहिलं, गळा भिजला. मावशीने हात काही सोडले नाहीत.