पातळ थर

निवृत्त झाल्यापासून आमचे हे गॅलरीत बसून खेळण्याएवढ्या मोटारींना स्प्रेने रंग मारायला शिकताहेत. आज निळी गाडी होती. काडीवर खोचलेली बॉडी फिरवत, नाकातोंडाला बांधलेल्या रुमालातून ते म्हणाले, "एकदम जाड मारला की ओघळतो. पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, मग पुढचा."

पहिल्या थरानंतर गाडी निळी झालीय असं वाटेचना. घरात पुष्कळ गोष्टी अशाच येत असाव्यात, कळूही नये इतक्या पातळ थरांनी. त्यांचा खोकला तर मला आताशा ऐकूही येत नाही.

संध्याकाळी रुमाल धुवायला घेतला. बाहेरून तो निळा झाला होता. घडी उलगडली, तर तोंडाकडच्या बाजूला लाल डाग होते.